सात किलोंचा हिशेब

गेल्या चैत्रात सांगलीहून दाजींचा दूरध्वनी आला. दाजींची तेथे हळदीची अडत आहे. मितभाषी माणूस, बाजारभावाखेरीज दूरध्वनीवर ते फारसे काही बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी प्रास्ताविक न करता विषयाला हात घातला. "तुम्ही जन्मभर बँकेत बसून लोकांच्या कर्जाचे प्रस्ताव तपासलेत. आता आपल्या भाच्याचा एक प्रस्ताव तपासा. लाखाच्या घरातली वस्तू घ्यायची म्हणतो. काय, तर एका हातात मावेल एवढा डबा. आणि गंमत अशी की, याहून चौपट मोठा डबा त्याच्याकडे आधीच आहे!"

माझा भाचा आमच्या दाजींच्याच व्यवसायाची पुण्यातील कचेरी सांभाळतो. वय छत्तीस. गेली बारा वर्षे तो जॅझ गिटार वाजवतो; शनिवारी संध्याकाळी दोन मित्रांसह, एक उभे बास वाजवणारा आणि एक ड्रम्स वाजवणारा, त्याचा कार्यक्रम असतो. दाजींच्या लेखी हा छंद, आणि छंदावरचा खर्च हा उचल खात्यात लिहायचा असतो. मी प्रस्ताव हाती घेतला तेव्हा माझ्याही मनात तोच भाव होता. मग ताईने मला बाजूला घेऊन सांगितले, "त्याच्या पाठीच्या मणक्याची चकती सरकली आहे. वडिलांना सांगितलेले नाही. तो जुना डबा दोन जिने चढवताना झाले. डॉक्टरांनी वजन उचलू नको म्हणून बजावले आहे. चार महिने झाले, शनिवारी घरीच बसून असतो."

म्हणजे प्रस्ताव डब्याचा नव्हताच. वाजवणे चालू राहणार की बंद पडणार, एवढाच त्याचा अर्थ होता.

वाचकांपैकी ज्यांना या विषयाचा परिचय नाही त्यांच्यासाठी, आणि दोन महिन्यांपूर्वीपर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो, थोडे मागे जातो. जॅझच्या मोठ्या वाद्यवृंदात तुताऱ्या आणि सॅक्सोफोन यांच्यासमोर गिटारचा आवाज ऐकू येत नसे. गिटारवाल्याने ताल धरून बसायचे, एवढेच त्याचे काम. १९३६ साली अमेरिकेतील गिब्सन कंपनीने विजेची गिटार बाजारात आणली. तिचे नाव 'ई.एस. १५०'. आपल्या व्यापारी घरांना आवडेल अशी गोष्ट ही की, त्या नावातला १५० हा आकडा म्हणजे सरळ किंमत होती: गिटार, तिची तार आणि तिच्या जोडीचा ॲम्प्लिफायर मिळून दीडशे डॉलरच्या आसपास. चार्ली ख्रिश्चन नावाच्या तरुणाने १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या संचात हीच गिटार वाजवली आणि तालाच्या रांगेतले हे वाद्य पुढे येऊन बोलू लागले. तो १९४२ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी क्षयाने गेला. पण लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ॲम्प्लिफायर हा तेव्हापासूनच गिटारच्या जोडीने, एकाच किमतीत विकला गेला. तो उपकरण नाही, वाद्याचा अर्धा भाग आहे. दाजींना पटवायचा पहिला मुद्दा हा होता.

आपल्याकडेही हे संगीत काल-परवा आलेले नाही. १९३५ साली लिऑन ॲबी या अमेरिकन कलावंताचा संच मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवीत होता. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले किती तरी वादक त्या काळी मुंबईच्या हॉटेलांत आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत पोट भरीत. त्यांच्याच परंपरेतले एक गृहस्थ मला १९८२ साली फोर्टमधल्या आमच्या शाखेत भेटले. रोखपाल. दिवसभर नोटा मोजायचे आणि आठवड्यातून तीन रात्री एका हॉटेलात गिटार वाजवायचे. त्यांचा ॲम्प्लिफायर वाल्व्हचा होता. बँकेच्या जुन्या लेजरांच्या गठ्ठ्याएवढा जड. लोकलने नेणे अशक्य, म्हणून टॅक्सी. त्यांनी एकदा मला स्टेशनरीच्या मागल्या कोऱ्या बाजूवर हिशेब करून दाखवला होता: मानधनाचा तिसरा हिस्सा टॅक्सीत आणि हमालीत. १९९१ मध्ये हर्नियाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी हॉटेल सोडले. बोटे शाबूत होती, कान शाबूत होते. डबा उचलवत नव्हता. त्यांच्या निरोपाच्या रात्री मी गेलो नाही, तिमाहीअखेर होती. ही गोष्ट मी तीस वर्षांत कोणाला सांगितली नाही, पण भाच्याची हकिगत ऐकताच प्रथम तीच आठवली.

तर, छाननी. प्रस्तावाची छाननी करताना आम्ही पहिला प्रश्न विचारीत असू तो गरजेचा. जॅझ गिटारला ॲम्प्लिफायरकडून काय हवे? रॉक संगीतात आवाज फाटणे हे भूषण समजतात. जॅझमध्ये एका वेळी चार-पाच जवळजवळचे स्वर दाबलेले असतात. आवाज फाटला तर ते एकमेकांत कालवले जातात आणि चिखल होतो. म्हणून आवाज मोठा झाला तरी स्वच्छच राहिला पाहिजे. यासाठी राखीव ताकद लागते. कॅश क्रेडिटच्या मर्यादेसारखे समजा: व्यापारी रोज सगळी मर्यादा वापरत नाही, पण दिवाळीच्या खरेदीला ती हाताशी नसेल तर त्याचा धनादेश परत जातो. गिटारच्या तारेवर जोराचा आघात झाला की क्षणभरासाठी नेहमीच्या कितीतरी पट शक्ती लागते. ती नसेल तर आवाज तिथेच फाटतो.

येथे वॅटच्या आकड्याने पुष्कळ लोक फसतात, मीही फसलो. मला वाटले, साठ वॅटपेक्षा एकशेवीस वॅट दुप्पट मोठे. तसे मुळीच नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. तेवढा फरक कानाला जेमतेम जाणवतो. कानाला 'दुप्पट' वाटायला शक्ती सुमारे दसपट करावी लागते. उलट, स्पीकरच जर तीन डेसिबल अधिक कार्यक्षम असेल, तर दुप्पट वॅटचे काम तो फुकटात करतो. म्हणजे विक्रेत्याने वॅट सांगितले की खरेदीदाराने स्पीकरची संवेदनशीलता विचारावी. नुसते भांडवल सांगून कोणी कर्ज मागायला आला तर आपण उलाढाल विचारतोच की!

दुसरा प्रश्न वजनाचा. वजन असते कोठे? मी भाच्याला हे विचारले तेव्हा त्याला हसू आले, पण उत्तर त्यालाही धड ठाऊक नव्हते. ते तीन ठिकाणी असते. एक, विजेचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या करते; इतक्या संथ विजेसाठी लोखंडाचा गाभा मोठा लागतो. दोन, स्पीकरमागचे लोहचुंबक. तीन, लाकडी पेटी. जुन्या वाल्व्हच्या यंत्रांत पहिल्या प्रकारचे ट्रान्सफॉर्मर दोन असतात, एक विजेसाठी आणि एक स्पीकरसाठी. फेंडर कंपनीचा 'ट्विन रिव्हर्ब' हा प्रसिद्ध ॲम्प्लिफायर, ८५ वॅट आणि बारा इंची दोन स्पीकर, सुमारे २९ किलो भरतो. रोलंडचा १९७५ साली निघालेला 'जॅझ कोरस १२०' ट्रान्झिस्टरचा आहे, तरी तोही २८ किलोंच्या आसपासच. हे आकडे मी दाजींना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आमचा हमाल पन्नास किलोंचे पोते पाठीवर घेतो." मी म्हटले, "दाजी, तुमचा हमाल पोते टाकून त्यानंतर तीन तास नाजूक बोटकाम करीत नाही." यावर ते काही बोलले नाहीत. वादात त्यांचे गप्प राहणे म्हणजे निम्मी संमती असते.

वजन उतरले ते तीन वाटांनी. नवे वीजपुरवठे प्रथम विजेची गती सेकंदाला हजारो फेऱ्यांपर्यंत वाढवतात, मग ट्रान्सफॉर्मर मुठीएवढा पुरतो. भ्रमणध्वनीचा चार्जर इवलासा असतो, तो याच कारणाने. ज्याला 'क्लास डी' म्हणतात त्या रचनेत ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतो, नाही तर पूर्ण बंद. मधल्या अवस्थेत शक्ती जाळीत बसत नाही, म्हणून उष्णता कमी आणि ती घालवण्याचे ॲल्युमिनियमचे जड पंखेही नकोत. आणि १९८०च्या दशकात निघालेले निओडिमियमचे चुंबक जुन्या फेराइट चुंबकाच्या मानाने फारच हलके असते. लाकूड मात्र लाकूडच राहिले. तेथे काटकसर केली की पेटी थरथरू लागते.

हलक्या पेटीचा ध्यास मात्र या तंत्राआधीचा आहे. टॉमी गुमिना हा अमेरिकेतला अकॉर्डियनवादक. त्याने 'पॉलीटोन' कंपनी काढली आणि तिच्या आटोपशीर 'मिनी ब्रूट' पेट्या जो पास यांच्यासारख्या थोर गिटारवादकांनी वापरल्या. आज या पंक्तीत जर्मनीची 'ए.ई.आर. कॉम्पॅक्ट ६०' आहे, आठ इंची स्पीकर आणि साडेसहा किलो, अमेरिकेची 'हेन्रिक्सन बड' आहे, साडेसहा इंची स्पीकर, एकशेवीस वॅट, पावणेआठ किलोंच्या आसपास, इटलीच्या 'डी.व्ही. मार्क'ची 'लिटल जॅझ' आहे. ज्यांना जुन्या ट्विनचाच स्वर हवा त्यांच्यासाठी फेंडरनेच २०१९ मध्ये त्याची अंकीय नक्कल 'टोन मास्टर' नावाने काढली. ती पंधरा किलो. निम्मे वजन हे खरे, पण मणक्याच्या दुखण्याला पंधरा किलोही पंधराच.

आम्ही तीन आठवडे परिचित वादकांच्या घरी जाऊन पेट्या ऐकल्या. मी वहीत रकाने आखले होते; भाच्याने त्यांची थट्टा केली, पण नंतर त्यातच लिहू लागला. दुकानातल्या गिटारवर ऐकू नये, आपलीच गिटार न्यावी, हे पहिल्याच दिवशी उमगले. त्याची गिटार पोकळ पोटाची, तारा सपाट वेष्टनाच्या. तिचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला ८२ कंपनांचा. लहान पेटीची खरी परीक्षा तेथेच होते. एका पेटीत वरचे स्वर मोत्यांसारखे, आणि खालच्या तारेवर आलो की कोणीतरी पत्र्याचे झाकण वाजवतो आहे असे वाटे. तीच पेटी खुर्चीवरून काढून जमिनीवर, भिंतीच्या कोपऱ्याशी ठेवली तर खालचा आवाज भरून आला. जमीन आणि भिंती खालच्या स्वरांना हातभार लावतात. त्याची दुसरी बाजूही आहे: पोकळ गिटार समोरून येणारा खालचा आवाज पोटात घेते, थरथरते, तोच पुन्हा पिकअपमधून ॲम्प्लिफायरकडे जातो आणि घूंऽऽ असा न थांबणारा नाद सुरू होतो. तेव्हा पेटी किंचित बाजूला वळवायची, खालच्या स्वरांचे बटण उतरवायचे, आणि यंत्रात विशिष्ट स्वरपट्टी कापण्याची सोय असेल तर ती वापरायची. ही सोय पोकळ गिटारवाल्याने मागून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक निरीक्षण. यांतल्या काही पेट्या मुळात साध्या, बिनविजेच्या गिटारसाठी घडवलेल्या असतात. त्यांचा आवाज इतका स्वच्छ की बोट तारेवरून सरकल्याची खरखरसुद्धा ऐकू यावी. काही वादकांना हे आवडते. भाच्याला नाही आवडले. तो म्हणाला, "मामा, ही पेटी माझ्या चुकांची ऑडिट रिपोर्ट काढते." त्याने वरच्या स्वरांचे बटण निम्म्याखाली आणले, तेव्हा कोठे चेहरा सैलावला.

ड्रमवाल्या मित्रासह प्रत्यक्ष तिघांनी वाजवून पाहिले तेव्हा आठ इंची पेटी लहान खोलीत पुरली, मोठ्या दालनात पुरणार नाही हे उघड होते. पण तिच्या पाठीमागे ध्वनिक्षेपकाकडे थेट तार नेण्याची सोय आहे. मोठ्या जागी सभागृहाची यंत्रणा आवाज वाढवील आणि पेटी फक्त वादकांना ऐकू येण्यापुरती राहील. ही एक सोय नसती तर मी प्रस्तावावर 'फेरविचारार्थ परत' असा शेरा मारला असता.

आता विजेसंबंधी, कारण येथे आमच्याच घरात पूर्वी नुकसान झालेले आहे. काही वर्षांपूर्वी एका नातलगांनी अमेरिकेतून येताना भाच्यासाठी हौसेने एक छोटा ॲम्प्लिफायर आणला. तेथील वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. कोणी पाठीमागची पट्टी वाचली नाही. प्लग बसवला, बटण दाबले, जळका वास आला आणि दिवाळीची भेट भाऊबीजेआधी संपली. काही नवी यंत्रे शंभरपासून दोनशेचाळीस व्होल्टपर्यंत कोठेही चालतात, पण सगळी नाही. पट्टीवर लिहिलेले असेल तेच खरे, विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनाला तारण समजू नये. व्होल्टेज उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर घेता येतो, पण तो इतका जड असतो की हलक्या पेटीचा सगळा नफा त्यातच बुडतो. युरोपात वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि पन्नास फेऱ्यांची. शिवाय तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन कोणीही कापू नये. मांडवात, लॉनवर गुरगुर थांबावी म्हणून ती काढून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. गिटारच्या तारा वादकाच्या बोटांखाली असतात, हे त्यांच्या ध्यानात नसते.

राहिला घसारा. जुना वाल्व्हचा डबा लॅमिंग्टन रोडवरचा एखादा जाणता कारागीर उघडून दुरुस्त करू शके. नव्या पेटीतले भाग मुंगीएवढे. बिघडले तर अख्खा फलकच बदलावा लागतो. म्हणून पक्के बिल, देशात हमी देणारा विक्रेता आणि सुटा फलक मिळण्याची खात्री, या तीन अटींवर मी शिफारस लिहिली. दहा वर्षे धरली तर शनिवारमागे पडणारा खर्च जुन्या डब्याच्या टेम्पोभाड्यापेक्षा कमी निघाला. हा आकडा दाजींनी स्वतः पुन्हा मांडून पाहिला आणि बरोबर आहे असे कळवले. मणक्याची गोष्टही मीच, ताईच्या परवानगीने, सांगितली. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, "हे आधी सांगायचे. हिशेब कशाला करत बसलो आपण?" त्याच संध्याकाळी त्यांनी भाच्याच्या खात्यावर रक्कम पाठवली. भाच्याने ती परत केली. पैसे त्याने साठवलेले होते. निर्णयापूर्वी वडिलांचा होकार तेवढा हवा होता.

घेतलेल्या पेटीचे नाव लिहीत नाही. हे सदर जाहिरातीचे नव्हे. वजन पिशवीसह सात किलो. विमानात हातातल्या सामानाला आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सातच किलोंची मुभा असते, हा योगायोग. अर्थात गिटार वेगळी.

ज्येष्ठात भाचा मुंबईला आला तेव्हा त्याला घेऊन मी वसईला गेलो. आमचे रोखपाल आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत, तिसऱ्या मजल्यावर राहतात, इमारतीला लिफ्ट नाही. भाच्याने पेटी एका खांद्यावर आणि गिटार दुसऱ्या खांद्यावर अशी वर नेली. मीच मध्ये दोनदा थांबलो. त्यांनी आधी पेटी उचलून पाहिली. खाली ठेवली. पुन्हा उचलली आणि खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हातात घेऊन गेले. मग गिटार मांडीवर घेतली. बोटे पूर्वीसारखी पळत नव्हती, पण मला त्यातला फरक कळण्याइतका कान नाही. वीसेक मिनिटांनी थांबून ते भाच्याला म्हणाले, "आवाज चांगला आहे. पण मागून का येत नाही?"

भाच्याला प्रश्न कळला नाही. त्यांनी समजावले: जुन्या डब्यांची पाठ उघडी असे, आवाज मागच्या भिंतीवर आदळून सगळ्या खोलीत पसरे, वादक त्या आवाजात बसलेला असे. या पेटीची पाठ बंद आहे. ती आवाज समोर फेकते आणि वाजवणारा बाहेर राहतो.

"मग काय करायचे, अंकल?"

ते उठले, पेटी उचलली, कोपऱ्यात नेली आणि तोंड तिरपे भिंतीकडे करून ठेवली. "आता वाजव," म्हणाले. भाचा आता दर शनिवारी ती तशीच ठेवतो.